दुखते डोके, दुखणे मानेचे

आमच्या घरात फ्रिजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात सुईदोरा, रबर, लाइटबिलाच्या पावत्या आणि गोळ्यांची पाकिटे. आम्ही दोघी जावा सात-आठ वर्षे त्याच डब्यातून डोकेदुखीची गोळी काढून घेत आलो. आमच्यातली थोरली सोलापुरात घरी बसून शाळेच्या गणवेशांचे शिवणकाम करते, धाकटी उर्दू शाळेत शिकवते. हा लेख धाकटीच्या हाताने उतरला असला तरी त्यातले दुखणे दोघींचे आहे. दोघींचे डोके एका बाजूने दुखायचे, म्हणून दोघींना गोळी एकच. एकीने पाकीट संपवले की दुसरीने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवे आणायचे.

मागच्या वर्षीचा रमजान नेमका गणवेशाच्या हंगामात आला. तरावीहनंतर थोरली पुन्हा मशीनवर बसायची, ते थेट सहरीच्या तयारीपर्यंत. एकदा मगरिबच्या नमाजनंतर अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, तिला टोकले, "अगे, गर्दन नई फिरती क्या तेरी? सलाम फेरताना सगळं अंगच फिरवतेस!" आम्ही हसलो. मग थोरलीने भिंतीला पाठ लावून मान फिरवून पाहिली. डावीकडे हनुवटी खांद्याजवळ जात होती. उजवीकडे अर्ध्यावरच अडकत होती, आणि तिथे जोर दिला की मानगुटीतून निघालेली कळ कानामागून वर चढून उजव्या डोळ्याच्या मागे जाऊन बसत होती. ही तीच कळ होती, जिच्यासाठी आम्ही इतकी वर्षे गोळ्या खात होतो.

त्याआधी काय काय झाले होते ते सांगायला हवे, कारण बहुतेक घरांत असेच होते. पहिल्यांदा चष्म्याचा नंबर तपासला. मग पित्त म्हणून सकाळचा चहा बंद केला, तो चार दिवसांनी पुन्हा सुरू झाला. मग सायनस झाला. शेजारणीने नजर उतरवली. शेवटी एका खासगी दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरून सांगितले, "मणक्यात गॅप पडलाय. पट्टा लावा. नाही फरक पडला तर पुढे ऑपरेशनचा विचार करावा लागेल." मानेला कोणी हात लावून पाहिले नाही, मान किती फिरते हेही कोणी विचारले नाही. 'ऑपरेशन' हा शब्द घरात आला आणि थोरलीची झोप उडाली. चार महिने तिने मानेला पट्टा लावला. पट्टा काढल्यावर मान आधीपेक्षा अशक्त वाटू लागली, आणि ते साहजिकच होते. जे स्नायू डोके पेलतात त्यांना महिनोन्महिने आधार दिला तर ते काम विसरतात. पट्टा मोठ्या इजेनंतर किंवा फार तर थोड्या दिवसांसाठी असतो, हे आम्हाला नंतर कळले.

त्या 'गॅप'बद्दलही एक गोष्ट आम्हाला आधी कोणी सांगायला हवी होती. जपानमध्ये १,२११ निरोगी माणसांच्या मानेचा एमआरआय काढण्यात आला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या माणसांना मानेचे काही दुखणे नव्हते, तरी त्यांच्यापैकी ८७.६ टक्के जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या थोड्याफार बाहेर आलेल्या दिसल्या. म्हणजे आठांतल्या सात जणांच्या. वयाबरोबर केस पांढरे होतात तसेच हे. फोटोत गादी सरकलेली दिसली म्हणजे दुखणे तिच्यामुळेच आहे असे होत नाही, आणि फोटोवर इलाज होत नाही, माणसावर होतो.

मग मानेतल्या दुखण्याने कपाळ का दुखावे? मानेच्या अगदी वरच्या तीन मणक्यांपाशी ज्या नसा असतात, त्या तिथले सांधे आणि स्नायू यांची खबर वर पोहोचवतात. कपाळ, डोळे आणि चेहऱ्याची खबर आणणारी एक वेगळी मोठी नस आहे. या दोन्हींच्या खबरा मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी उतरतात. शाळेच्या दोन इमारतींच्या घंटा कार्यालयात एकाच दिव्याला जोडल्या, तर दिवा लागल्यावर शिपाई नेहमीच्या सवयीने पहिल्या इमारतीकडे धावेल. मेंदूचे तसेच होते. घंटा मानेत वाजते आणि मेंदू कपाळाकडे बोट दाखवतो. १९८३ मध्ये नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओतार शोस्ताद यांनी या डोकेदुखीला वेगळे नाव दिले, सर्व्हायकोजेनिक हेडेक, म्हणजे मानेतून उपजलेली डोकेदुखी.

आमची गल्लत झाली ती अर्धशिशीशी. उर्दूत आणि युनानी हकिमांच्या बोलण्यात तिला 'शकीका' म्हणतात. दोन्ही भाषांतली नावे अर्ध्या डोक्यावरूनच आली आहेत, आणि तिथेच फसगत होते. मानेची डोकेदुखीही बहुधा एकाच बाजूला असते. फरक असा, की अर्धशिशी आज उजवीकडे तर पुढच्या वेळी डावीकडे येऊ शकते. ती ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते. धाकटीचे अगदी असेच होते. पेपर तपासताना समोर नागमोडी चमक दिसू लागली की तिला कळायचे, आता दोन दिवस गेले. मानेची डोकेदुखी मात्र बाजू सोडत नाही. ती मानगुटीतून सुरू होऊन पुढे सरकते, मान एका विशिष्ट कोनात बराच वेळ राहिली की वाढते, आणि मान त्या बाजूला पूर्ण फिरत नाही. ठणक्यापेक्षा ओढ आणि दडपण जास्त. अर्थात मान आखडली म्हणजे दुखणे मानेचेच, असा सरळ हिशेब करू नये. अर्धशिशीच्या पुष्कळ रुग्णांचीही मान दुखते. म्हणून हा निवाडा घरी करायचा नसतो.

थोरलीचा निवाडा एका सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात झाला. तिथल्या मॅडमनी तिला उताणे झोपवले, डोके हातात घेऊन हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान वाकवली आणि तशीच ठेवून डोके हलकेच डावी-उजवीकडे फिरवले. मान पूर्ण वाकली की खालचे सांधे अडतात आणि फिरणे उरते ते फक्त सर्वांत वरच्या दोन मणक्यांत. निरोगी माणसाचे डोके अशा स्थितीत प्रत्येक बाजूला साधारण ४० ते ४५ अंश फिरते. थोरलीचे डावीकडे तेवढे फिरले, उजवीकडे त्याच्या निम्मेही नाही. मग त्यांनी मानेवर वरच्या एका जागी अंगठ्याने दाबले आणि विचारले, "हेच ना तुमचं डोकं?" थोरलीच्या डोळ्यांत पाणी आले. दुखले म्हणून नव्हे, तिचे दुखणे पहिल्यांदा कोणाच्या तरी हाताला लागले म्हणून.

तरी मॅडमनी व्यायाम लगेच दिला नाही. आधी विचारले, "गोळी महिन्यातून किती दिवस घेता?" आम्ही म्हणालो, लागेल तेव्हा. त्यांनी एक वही घालून दिली. रोज तीनच गोष्टी लिहायच्या: दुखले का, किती तास, गोळी घेतली का. महिनाअखेरीस धाकटीने शाळेच्या हजेरीपटासारखी बेरीज केली. थोरलीचे गोळीचे दिवस बावीस, धाकटीचे अकरा.

याचा अर्थ कळला तेव्हा आम्ही दोघी गप्पच झालो. डोकेदुखीची गोळी फार दिवस घेतली की ती स्वतःच डोकेदुखी देऊ लागते. साधी एकऔषधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेली किंवा खास अर्धशिशीची गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी सलग तीन महिन्यांहून जास्त घेतली जात असेल तर डॉक्टर हा धोका धरून चालतात. आमच्या डब्यातली गोळी एकत्र औषधांचीच होती, त्यात कॅफिनही होते. म्हणजे थोरलीला मानेने दिलेल्या दुखण्यावर गोळीने आणखी एक दुखणे चढवले होते, आणि धाकटीही त्याच वाटेवर होती. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर अशा गोळ्यांचा भार पडतो तो वेगळाच.

गोळी बंद करणे हा या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग होता. व्यायामाबद्दल सगळे सांगतात, याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोरलीने गोळी सोडली आणि पहिले दहा-बारा दिवस डोके आधीपेक्षा जास्त दुखले. ती भिंतीला डोके टेकून बसायची. मुले घाबरली. भाईजान, म्हणजे तिचे मालक, एका रात्री पाकीट घेऊन आले, "एक खा, कुणाला सांगू नको." तिने खाल्ली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती उठली आणि डोके रिकामे होते. जी माणसे रोज जास्त गोळ्या, झोपेच्या गोळ्या किंवा तीव्र वेदनाशामके घेतात त्यांनी मात्र आपल्या मनाने एकदम थांबू नये, डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करून देतात.

व्यायाम पाहून भाईजानांना हसू आले. एवढ्याशा हालचालीने काय होणार? उताणे झोपायचे, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. मग हनुवटी अगदी थोडी आत घेत, लाजून 'हो' म्हणावे तशी मान डोलवायची. डोके उचलायचे नाही, डोक्याचा मागचा भाग टॉवेलवर किंचित वर सरकला पाहिजे, बस्स. दहा आकडे मोजेपर्यंत तसेच, मग सैल. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. गळ्यावरच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताठ झाल्या तर समजायचे जोर जास्त लागला. मानेच्या आत, मणक्यांना चिकटून असलेले लहान स्नायू या दुखण्यात सुस्तावलेले असतात आणि त्यांचे काम वरचे मोठे स्नायू ओढत असतात. लहानांना जागे करायचे तर हलक्या हातानेच करावे लागते. दुसरा व्यायाम खांद्यांचा, बसल्या जागी दोन्ही फरे मागे आणि खाली घेऊन धरणे. तिसरा पंचाचा. पंचाची कड मानेच्या वरच्या मणक्यावर बसवून, ओढ देत, अडलेल्या बाजूला मान फिरवायची. हा कोणी वाचून करू नये. कड बोटभर खाली-वर झाली तरी उपयोग होत नाही, तो हात धरूनच शिकावा लागतो. याशिवाय मॅडम आठवड्यातून दोनदा हाताने अडलेला सांधा हळूहळू मोकळा करत.

या पद्धतीला आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्वेंडोलेन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांचे चार गट केले. एका गटाला हाताने उपचार, एकाला असे हलके व्यायाम, एकाला दोन्ही, आणि एकाला वेगळे काहीच नाही. उपचार फक्त सहा आठवडे चालले. हाताचे उपचार आणि व्यायाम दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली, आणि महत्त्वाचे म्हणजे वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. २००२ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मात्र अजूनही पट्टा आणि गोळीच आधी हातात पडते.

व्यायामाइतकेच काम मशीनच्या पाटाने केले. थोरलीची खुर्ची उंच आणि मशीन खाली, म्हणून ती दिवसभर मान पुढे काढून सुईच्या टोकाकडे बघत असे. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे. न्यूयॉर्कचे पाठीचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिताने हिशेब मांडला, की मान १५ अंश पुढे झुकली तर मणक्यांवर येणारा भार सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८ आणि ६० अंशांना २७ किलोपर्यंत जातो. हा हिशेब कागदावरचा आहे, जिवंत मानेत मोजलेला नाही, पण मोबाइल मांडीत ठेवून तासभर बसलेल्या आमच्या मुलांना दाखवायला तो फार उपयोगी पडला. भाईजानांनी मशीनच्या चार पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. खुर्चीवरची उशी गेली. दर अर्ध्या तासाने उठायचे ठरले, त्यासाठी बॉबिनचा डबा मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला. धाकटीने पेपर तपासण्यासाठी पोळपाटाखाली दोन पुस्तके ठेवून उतार केला. शिक्षिकांच्या खोलीत आधी सगळ्या हसल्या, आता तिथे तीन उतार आहेत. आमच्या मोहल्ल्यात विड्या वळणाऱ्या बायकांना सुपाखाली काय ठेवता येईल यावर अजून कोणाचे एकमत झालेले नाही.

झोपताना दोन उशा घेण्याची सवयही गेली. कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांच्यामधली जागा भरेल एवढीच उशी हवी, पालथे झोपणे बंद. दुखणे जोरात असताना दहा-पंधरा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने आराम पडतो.

नमाजबद्दल भगिनी आम्हाला नेहमी विचारतात. थोरलीने त्या कठीण तीन आठवड्यांत काही दिवस खुर्चीवर नमाज अदा केली, आजारी माणसाला ती मुभा आहेच. नंतर मॅडमनी उलट सांगितले, दुखत नसेल तर नेहमीसारखीच करा, सगळे सांधे दिवसातून पाच वेळा हलतात ते थांबवू नका. फक्त सजद्यात डोक्यावर भार टाकू नका, तो तळहातांवर असू द्या.

हिजामाबद्दलही विचारतात. बुखारी शरीफच्या किताबुत्तिब्बमध्ये शकीकासाठी डोक्यावर हिजामा केल्याचा उल्लेख आहे, त्यामुळे आपल्या घरांत त्यावर श्रद्धा असणारच. मानदुखीत त्याने काही जणांना काही दिवस हलके वाटते, पण अडलेला सांधा आणि सुस्तावलेले स्नायू त्याने दुरुस्त होत नाहीत. करायचाच असेल तर शिकलेल्या माणसाकडून, नव्या पात्याने आणि नव्या कपांनी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, मधुमेह असेल किंवा रक्त कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एका गोष्टीला मात्र आमचा साफ नकार आहे, तो म्हणजे मान मोडून घेण्याला. न्हाव्याच्या खुर्चीत 'कडक' आवाज काढून देतात, गावोगावी मान बसवणारे असतात. थोरलीलाही एका नातलगाने अशाच एकाकडे नेण्याचा आग्रह केला होता आणि रिक्षासुद्धा ठरली होती. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर जातात. अचानक झटक्याने त्यांच्या आतल्या भिंतीला चीर पडली तर तिथे रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे क्वचित होते, पण झाले तर परत फिरता येत नाही. पार्लरमध्ये केस धुताना मान मागे मोडून बराच वेळ ठेवल्यानेही असे झाल्याची नोंद अमेरिकेतल्या एका मेंदूतज्ज्ञांनी १९९३ मध्ये केली. बेसिनच्या कडेवर जाड टॉवेल मागून घ्यावा.

व्यायामाने दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर ऑपरेशनच्या आधी अजून वाटा असतात. डोक्याच्या मागच्या नसेपाशी बधिर करणारे इंजेक्शन देतात, त्याने दुखणे थांबले तर निदानही पक्के होते. सांध्याकडची बारीक नस उष्णतेने शांत करण्याचा उपचार मोठ्या शहरांत होतो. सुरीची गोष्ट फक्त डोकेदुखीसाठी सहसा येतच नाही. ती येते मज्जारज्जू दाबला जात असेल तेव्हा. हातातून वस्तू पडू लागणे, कुर्त्याचे हुक लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही त्याची लक्षणे, आणि ती दिसली तर व्यायाम करत घरी बसू नये.

तसेच क्षणार्धात आलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, एकाचे दोन दिसणे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः जेवताना जबडा दुखून कानशिले दुखत असतील तर, त्याच दिवशी डॉक्टर. अम्मींच्या एका बहिणीने अशी डोकेदुखी चार दिवस बाम लावून काढली होती. त्यानंतर त्यांचा उजवा हात कधी पूर्वीसारखा उठला नाही.

धाकटीची वाट वेगळी निघाली. तिची अर्धशिशीच होती. तिला मेंदूविकारतज्ज्ञांनी रोजचे प्रतिबंधक औषध दिले आणि दुखल्यावर घ्यायच्या गोळीला महिन्याची हद्द घालून दिली. थोरलीचे व्यायाम तिने हौसेने करून पाहिले, मान मोकळी वाटली, डोकेदुखी तेवढीच राहिली. आणि रोजच्या पहिल्या तीन-चार दिवसांत आमच्या घरातल्या सगळ्यांचेच जे डोके दुखते, ते ना मानेचे ना शकीकाचे, ते चहाचे आहे, हेही वहीनेच दाखवून दिले. या वर्षी आम्ही शाबानमध्येच एकेक कप कमी करत आणला.

थोरलीच्या वहीत मागच्या महिन्यात दुखण्याचे चार दिवस आहेत, गोळीचे दोन. चारांपैकी तीन दिवस हंगामातल्या शेवटच्या ऑर्डरचे. उजवीकडे मान अजून डावीइतकी फिरत नाही. सलाम फेरताना अम्मी तिरप्या नजरेने बघतात आणि नंतर बोटांनी दाखवतात, आज किती फिरली.